बर्फाखाली कुणीतरी होतं

स्वित्झर्लंडच्या बर्फातल्या डोंगरात तो पक्षी उडाला तेव्हा आम्ही ठरलेल्या वाटेवरच होतो. हे सगळ्यात आधी सांगतो, कारण नंतर बरेच दिवस मी मनातल्या मनात हेच घोकत होतो. डाव्या हाताला वाट दाखवणारे गुलाबी खांब, सगळ्यात पुढं गाईड, तिच्या मागं दाजी, मग ताई, मग मी आणि माझ्या मागं बाकीची मंडळी. स्प्रूसची झाडं विरळ व्हायला लागली होती, ऊन नुकतंच अंगावर आलेलं, चढ दमवणारा होता म्हणून सगळे पाणी प्यायला थांबलो होतो. आणि उजवीकडं चार-पाच हातांवर, जिथं नुसता पांढरा उतार होता, एक पाऊल नाही की काडी नाही, तिथनं एकदम काळं काहीतरी फाडकन वर आलं. बर्फाचा फवारा उडाला, पंखांचा जोरात फडफडाट झाला आणि मी मान वळवेपर्यंत तो उताराच्या कडेवरनं खाली गेला पण. काळाभोर, कोंबड्याएवढा, शेपटीखालचा पांढरा पिसारा तेवढा लख्ख दिसला. मागनं कुणीतरी आनंदानं ओरडलं, दोघा-तिघांनी मोबाईल काढले, पण फोटो काढायला आता बर्फात एक भोक तेवढं उरलं होतं.

गाईड काहीच बोलली नाही. तो गेला त्या दिशेला बराच वेळ बघत राहिली आणि मग ताईशी जर्मनमध्ये हळू आवाजात दोन वाक्यं बोलली. ताईनं मला सांगितलं, "ती म्हणत्या, तो आत झोपला होता. आता एवढ्या थंडीत दुसरीकडं जाऊन त्याला परत घर खणायला लागणार."

एवढंच. कुणी कुणाला रागावलं नाही, कुणाचं काही चुकलं पण नव्हतं.

ताई आणि दाजी झुरिचजवळ राहतात. जानेवारीत मी तिकडं गेलो ते खरं तर भाच्यासाठी, पण सह्याद्रीत भटकणारा माणूस आल्प्सच्या इतक्या जवळ जाऊन घरात कसा बसणार. पहिले काही दिवस मात्र डोंगर दिसलाच नाही. हिवाळ्यात तिथल्या सखल भागावर धुकं दाटून बसतं आणि दिवसचे दिवस हलत नाही, थंड जड हवा खाली अडकते आणि उबदार हवा वरनं झाकण घातल्यासारखी राहते. सकाळ, दुपार, संध्याकाळ सगळं एकाच राखाडी रंगाचं. ताई म्हणाली, पहिल्या वर्षी या दिवसांत तिला रडू यायचं, मग ऑफिसातल्या एका बाईनं सांगितलं की घरात बसू नकोस, वर जा, वर ऊन असतंय. तेव्हापासून दोघं दर हिवाळ्यात स्नोशू, म्हणजे बर्फात चालायला बुटाखाली बांधायच्या रुंद पट्ट्या, घालून डोंगरात जातात. कोल्हापुरात मंगळवार पेठेत वाढलेली माझी ताई, जी जोतिबाला चालत जायचं म्हटलं की रिक्षा बघायची, ती मला बर्फावर पाय कसा टाकायचा ते शिकवत होती, आणि मला तिचा इतका अभिमान वाटला म्हणून सांगू.

शिखराचं नाव लिहीत नाही, मुद्दाम. ल्यूसर्नच्या तळ्याभोवतीच्या डोंगरांतलं एक समजा, उंची १,९०० मीटरच्या आसपास, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा (१,६४६ मीटर) अडीचशे मीटर जास्त. आकड्यात काही फार नाही. पण कळसूबाईला आपण शिडीनं चढतो, घामाघूम होतो, वर जाऊन लिंबूसरबत पितो. इथं घाम येऊ द्यायचा नाही हाच पहिला नियम, कारण थांबलं की तोच घाम अंगावर गार पडतो. निघताना थोडी थंडी वाजली पाहिजे असेच कपडे घालायचे, चढायला लागलं की एकेक थर उतरवायचा, थांबलं की लगेच चढवायचा. दिवसभर हे काढ-घाल चालू.

आणि निघायच्या आधीची तयारी बघून तर मी गप्पच झालो. दावोसला बर्फ आणि हिमस्खलनाचा अभ्यास करणारी त्यांची एक सरकारी संस्था आहे, एसएलएफ म्हणतात तिला. हिवाळाभर रोज संध्याकाळी पाच वाजता आणि परत सकाळी आठ वाजता ती बुलेटिन काढते, कुठल्या भागात, किती उंचीवर, कुठल्या दिशेच्या उतारावर किती धोका आहे ते एक ते पाच आकड्यांत. त्या दिवशी दोन होता. गाईडनं सगळ्यांच्या गळ्यात एकेक ट्रान्समीटर अडकवला, सॅकमध्ये फावडं आणि घडीची लांब काठी दिली आणि मग एकेकाला स्वतःच्या समोरनं चालायला लावून प्रत्येकाचं यंत्र वाजतंय का ते ऐकून घेतलं. बर्फाखाली माणूस गाडला गेला तर पहिल्या काही मिनिटांतच त्याला काढायला लागतं, हेलिकॉप्टरची वाट बघायला वेळ नसतो, म्हणून हे सामान प्रत्येकाकडं. नकाशावर तिनं बोट ठेवून वाट दाखवली, तीस अंशांपेक्षा जास्त उतार कुठं कुठं आहे ते दाखवलं, त्या सगळ्या जागा लांब ठेवून आम्ही डोंगराच्या रुंद सोंडेवरनं जाणार होतो. पायाखालनं दबका धप् आवाज आला आणि बर्फ एकदम खाली बसल्यासारखा वाटला तर तिथंच थांबायचं आणि मला हाक मारायची, ती म्हणाली. आतला कच्चा थर मोडला की असा आवाज होतो. आपल्याकडं पावसाळ्यात नवख्या पोरांना घेऊन धबधब्याच्या कातळावर चढणाऱ्या कितीतरी ग्रुपची मला आठवण झाली, आणि वाटलं, ही शिस्त आपल्याला पाहिजे राव.

चालायला तसं अवघड नाही. प्लास्टिकची रुंद पट्टी बुटाला पुढनं बांधलेली, टाच मोकळी, खाली लोखंडी दात. दोन पायांत जरा अंतर ठेवायचं, नाहीतर आपल्याच पट्टीवर आपला दुसरा पाय पडतो. चढ तीव्र झाला की टाचेखालची एक तार वर उचलायची, मग टाच त्या तारेवर टेकते आणि पोटरीला आराम पडतो. सुरुवातीला धुक्यातनं चाललो, पुढच्याची सॅक आणि पुढचा गुलाबी खांब, बाकी काही नाही. वरचा थर रात्री गोठलेला होता, प्रत्येक पावलाला गुळाची ढेप फोडताना होतो तसा कच्च आवाज. मग कधीतरी पांढरं पिवळसर व्हायला लागलं, डोक्यावर एक निळा तुकडा दिसला, आणि वीस-पंचवीस पावलांत आम्ही धुक्यातनं पूर्ण बाहेर. एवढा प्रकाश की डोळे मिटायला लागले. झाडांच्या फांद्यांवर बर्फाचे सुईएवढे स्फटिक, त्यातनं ऊन चमकत होतं, आणि आवाज म्हणाल तर कसलाच नाही, स्वतःचा श्वास आणि जॅकेटची घसघस. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, थंडीनं पण असेल.

त्यानंतर थोड्याच वेळात तो पक्षी.

वर पोचलो तेव्हा बारा वाजून गेले होते. शेवटचा टप्पा उघडा, वाऱ्यानं बर्फाच्या लाटा केलेल्या, आणि वर गेल्यावर चारी बाजूंनी जे दिसलं ते मी आयुष्यात विसरणार नाही. खालचं तळं दिसतच नव्हतं, त्याच्या जागी धुकं भरलेलं, किनाऱ्यांच्या प्रत्येक वळणात शिरलेलं. त्यातनं मायथनचे दोन सुळके वर आलेले, पलीकडं रिगी, तिच्याही मागं पिलाटस, आणि दक्षिणेला तर मोठ्या शिखरांची रांगच्या रांग, बर्फावर निळ्या सावल्या पडलेल्या. ताईनं डब्यातनं भडंग काढलं, आईनं माझ्यासोबत पाठवलेलं, आणि थर्मासमधला चहा. गाईडनं पण मूठभर खाल्लं, तिखट लागलं तिला, पण परत हात पुढं केला. दाजी एरवी फार बोलत नाहीत, ते म्हणाले, "बघा पाव्हणं, इथं आलं की गावाकडची जास्त आठवण येत्या." मला तेव्हा सुख झालं होतं, अगदी पोटभर सुख, त्यात काही खोट नाही. आणि त्याच वेळी मी खालच्या उताराकडं बघून तो काळा ठिपका कुठं बसला असेल ते शोधत होतो. दोन्ही एकदमच चालू होतं.

उतरताना मी ताईला मध्ये घालून गाईडला विचारलं, आपण तर वाटेवर होतो, मग तो का उडाला? ती म्हणाली, आपण चालत राहिलो असतो तर बहुतेक बसून राहिला असता. ही वाट त्याला माहीत आहे. माणसं इथनं जातात, आवाज येतो, लांब जातो, त्याची सवय होते. म्हणूनच वाट बदलायची नाही, कुणी मध्येच झाडीत शिरायचं नाही, हे खांब तुमच्यासाठी आहेत तेवढेच त्यांच्यासाठी पण आहेत. आवाज थांबला की मात्र त्याला वाटतं, आपण सापडलो. आणि एक सांगितलं तिनं, की जोराचं बर्फ पडून गेल्यावर ते रोज नव्या जागी खणतात, आज वाटेला इतकं जवळ कोण असेल हे तिलासुद्धा माहीत नसतं.

घरी येऊन मी वाचायला लागलो. ब्लॅक ग्राऊस त्याचं नाव, तिकडं बिर्कहून म्हणतात. नर काळा, डोळ्यावर लाल तुरा, शेपटी दोन्ही बाजूंना वळलेली. आल्प्समध्ये तो राहतो ते अगदी झाडांची हद्द संपते त्या पट्ट्यात, म्हणजे स्कीवाल्यांना आणि स्नोशूवाल्यांना जो पट्टा सगळ्यात जास्त आवडतो नेमका तिथं. हिवाळ्यात त्याला खायला काय, तर सूचिपर्णी झाडांच्या सुया, कळ्या, कुठं कुठं ज्युनिपरची झुडपं, ज्यात ताकद जवळजवळ नाही. मग तो खर्च कमी करतो. सकाळी थोडा वेळ आणि संध्याकाळी थोडा वेळ बाहेर येऊन पोट भरायचं आणि दिवसातला बाकी सगळा वेळ मऊ बर्फात बोगदा करून आत बसायचं, बाहेर उणे पंधरा असलं तरी त्याच्याच अंगाच्या उबेनं आत शून्याच्या आसपास राहतं. बर्न विद्यापीठाच्या संशोधकांचा २००७ सालचा एक अभ्यास आहे, त्यांनी रेडिओ लावलेल्या पक्ष्यांना मुद्दाम बिळातनं उठवून बघितलं आणि त्यांच्या विष्ठेतलं ताणाचं हार्मोन मोजलं, ते वाढलेलं सापडलं. पक्षीच नाही, तिथली रेड डिअर जातीची हरणं हिवाळ्यात हृदयाचे ठोके कमी करतात, पाय आणि कातडी गार पडू देतात आणि पोटातली ऊब तेवढी सांभाळतात. म्हणजे आम्ही ज्या शांततेला शांतता म्हणत होतो, ती त्या डोंगरातल्या प्रत्येक जिवानं श्वास धरून काढलेली थंडी होती. डिसेंबर ते एप्रिल कितीतरी जंगलं त्यांनी या प्राण्यांसाठी राखीव केलेली आहेत, बरेच ठिकाणी वाट सोडून आत गेलं तर दंड होतो.

वाचता वाचता एक गोष्ट सापडली जी मला कोल्हापूरकर म्हणून फार जवळची वाटली. आयबेक्स म्हणून लांब वळणदार शिंगांची रानबकरी असते, ती एकोणिसाव्या शतकात शिकारीनं आल्प्समधनं जवळजवळ संपली. उरली ती इटलीच्या ग्रान पॅरादिसो भागात, का, तर तिथं राजाचं शिकारीचं राखीव जंगल होतं, १८५६ पासनं. स्वित्झर्लंडला ती परत पाहिजे होती, इटलीचा राजा द्यायला तयार होईना, तर १९०६ मध्ये करडं चोरून सरहद्दीपलीकडं आणली, वाढवली आणि १९११ मध्ये डोंगरात सोडली. आज आल्प्सभर जी दिसतात ती सगळी त्या एका जंगलातल्या वंशाची. आणि आपलं दाजीपूर? ते पण राजाचं शिकारीचंच जंगल. शाहू महाराजांच्या राखलेल्या रानात गवे टिकले, १९५८ मध्ये तिथं अभयारण्य झालं, २०१२ मध्ये पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा यादीत राधानगरी अभयारण्य म्हणून त्याचं नाव आलं. एकीकडं बंदूक आणि दुसरीकडं राखण, दोन्ही एकाच हातात, आणि दोन इतक्या लांबच्या मुलखांत शेवटी तेच झालं. दाजीपूर पावसाळ्यात बंद असतं तेव्हा मी कॉलेजात असताना चडफडायचो, ऐन हिरवागार असताना बंद काय ठेवता म्हणून. आता ती पाटी मला चांगली वाटते. चार महिने कुणी येत नाही, हे तिथल्या प्रत्येक जनावराला कळत असणारच की.

कारण त्यांचा हिवाळा म्हणजे आपला पावसाळा. आल्प्समध्ये माणसाच्या मौजेचा हंगाम नेमका जनावरांच्या तगून राहण्याचा हंगाम आहे, तसा आपल्या सह्याद्रीत माणसाच्या मौजेचा हंगाम हा जन्माचा हंगाम आहे. आंबोलीला आपण सगळे जातो, कोल्हापुरात पहिला पाऊस झाला की शनिवारी गाड्यांची रांग लागते. तिथं कातळावर बेडकासारखा एक छोटा टोड राहतो, आंबोली टोड, शास्त्रज्ञांनी त्याला २००९ मध्ये वेगळी जात म्हणून नोंदवलं, नामशेष व्हायच्या सगळ्यात वरच्या धोक्यात आहे. सुरुवातीचा पाऊस पडला की सड्यावरच्या, म्हणजे कातळाच्या पठारावरच्या, उथळ डबक्यांत, अक्षरशः ओंजळभर पाण्यात, तो अंडी घालतो. ते डबकं आपल्याला डबकंच दिसतं. गाडी पार्क करताना त्यातनं चाक जातं, सेल्फी काढताना बूट पडतो, आणि कुणालाच काही वाईट करायचं नसतं. तिथनं काळं काही फाडकन उडत पण नाही, त्यामुळे कुणाला कळत पण नाही. मला त्या पक्ष्याचं उपकार मानावंसं वाटतं ते यासाठी, की तो उडाला तरी. मोठा होता, दिसला.

आणि पन्हाळ्याजवळचं मसाई पठार. पन्हाळा ते पावनखिंड मोहिमेला मी शाळेत असल्यापासून जातोय, तो इतिहास तुम्हाला सांगायला नको. चिखल, खोतवाडीतला चहा, करपेवाडीच्या अलीकडं भातखाचरांच्या बांधावरनं सगळ्यांनी एका रांगेत जायचं, पाय घसरला की मागच्यानं दंडाला धरायचं, रात्री ओल्या कपड्यांत म्हटलेले पोवाडे, हे सगळं माझ्या अंगात आहे. ते कमी व्हावं असं मला कधीच वाटणार नाही. पण बांधावरनं एका रांगेत जाणारे आम्हीच, मसाई पठारावर आलो की पसरतो. एवढं मोठं मोकळं मैदान, धुकं, हिरवळ, कुणी पळतंय, कुणी गाडी पार वरपर्यंत घातलीय, कुणाचा स्पीकर चालू. भाताच्या खाचरात कुणी पाय टाकत नाही कारण ते कुणाचं तरी आहे हे दिसतं, शेतकरी बांधावर उभा असतो. पठारावर कुणी उभं नसतं. संवर्धन राखीव म्हणून ते जाहीर झालंय, पण आमच्यातल्या किती जणांना ते ठाऊक असेल शंकाच आहे. ओंजळभर माती कातळाच्या खळग्यात साठते आणि त्यात सप्टेंबरची फुलं येतात, ती जूनमध्ये बोटाच्या पेराएवढी असतात आणि आपण त्यांना गवत समजून चालतो.

हे सगळं दाजींशी फोनवर बोललो. ते म्हणाले, "मग काय, जायचंच नाही का डोंगरात? तुमची ताई घरात बसली असती तर त्या धुक्यात वेडी झाली असती." त्यांचं पण बरोबर आहे. ताईला त्या उन्हानं जगवलं हे मी डोळ्यांनी बघितलंय, आणि मला पावनखिंडीच्या वाटेनं जगवलंय. डोंगर बंद करा म्हणणाऱ्यांतला मी नाही, दार लावून घेतलेल्या डोंगरावर कुणी प्रेम करत नाही. मला एवढंच कळलंय की वाट ही एक कबुली असते. आम्ही इथनं जाऊ, इथनंच जाऊ, बाकीचं तुमचं. ती पाळली की पलीकडचा जीव चार हातांवर सुद्धा निवांत झोपू शकतो. माणूस आलाच नाही तर उत्तम, पण येणारच असेल तर कुठनं येणार ते ठरलेलं तरी असावं. आपल्याकडच्या देवराया याच समजुतीवर टिकल्या, काठी उचलायची नाही, आत शिरायचं नाही, देवाचं आहे. आता पाटी सरकारी असो नाहीतर गुलाबी खांब असो, त्यामागं ते वजन कुठनं आणायचं हा माझ्यापुढचा प्रश्न आहे.

आमच्या ग्रुपची यंदाच्या मोहिमेची बैठक झाली परवा, गंगावेशीत दूध कट्ट्यावर धारोष्ण दुधाचे पेले हातात घेऊन. मी मांडलं की पठारावर स्पीकर नको, मळलेली वाट सोडायची नाही, गाड्या खालीच, आणि पुढं-मागं ओळखीचा माणूस ठेवून सगळ्यांनी करपेवाडीच्या बांधावर चालतो तसंच रांगेत चालायचं. बरीच चर्चा झाली. एक जण म्हणाला, "भावा, पठारावर येऊन पळायचं पण नाही तर मग मोहीम कसली?" आणि तो मनापासून बोलत होता, त्याला मी काय सांगणार, मी त्या पक्ष्याची गोष्ट सांगितली. तो ऐकून घेतलं म्हणाला, पटलं का ते बोलला नाही. दोघांनी नावं काढून घेतली. बाकीचे तयार आहेत, पण मळलेल्या वाटेवरच डबकी साचली तर काय करायचं हा मुद्दा एका कॉलेजातल्या पोरीनं काढला आणि त्याला कुणाकडंच उत्तर नव्हतं. ती झूलॉजी शिकते. तिच्या सरांना घेऊन जूनच्या पहिल्या पावसात दोघं-तिघं आधी पठारावर जाऊन येणार आहोत, कुठल्या पाण्यात काय आहे ते बघायला आणि वाट कुठनं वळवायची ते खडू-दोरीनं आखायला.